वचन अडतं तेव्हा

नवं वर्ष लागलं की बऱ्याच ख्रिस्ती घरांत एक संकल्प होतो. यंदा बायबल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढायचं. हिशेब सोपा असतो. रोज तीन-चार अध्याय वाचले की डिसेंबरअखेर ग्रंथ पुरा होतो. उत्पत्तीच्या पुस्तकात गाडी झकास धावते. योसेफाची कथा तर खाली ठेववत नाही. मग निर्गमाच्या उत्तरार्धात निवासमंडपाची लांबी-रुंदी येते, लेवीय पुस्तकात यज्ञांचे आणि शुद्धाशुद्धतेचे नियम येतात, आणि फेब्रुवारी संपता संपता वाचनाची खूण एका जागी मुक्कामालाच राहते.

हा झाला कंटाळा. त्यावर उपाय असतो. चार पानं भरभर उलटली तरी फारसं बिघडत नाही. मला आज बोलायचं आहे ते वेगळ्या अडचणीबद्दल. वाचता वाचता एखादं वचन असं येतं की मन दचकतं. एका स्तोत्राच्या शेवटी शत्रूची तान्ही मुलं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटलेलं आहे. यहोशवाच्या पुस्तकात देवाच्या नावाने शहरंच्या शहरं कापून काढली जातात. बापाच्या अपराधाचं शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचतं, असं खुद्द दहा आज्ञांमध्ये येतं. आणि ज्या येशूने शत्रूवरही प्रीती करायला शिकवलं, तोच एके ठिकाणी आईबापांचा द्वेष करायला सांगतोय असं वाटतं. अशा ठिकाणी भाविक वाचकाने करायचं काय?

मी काही धर्मशास्त्राची पंडित नाही. शाळेत मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं आणि निवृत्तीनंतर आमच्या मंडळीत रविवारी संध्याकाळी बायबल-अभ्यासाचा वर्ग घेते. वर्गात तीन तऱ्हेची माणसं भेटतात. काही जण अवघड वचन आलं की पुढचं पान उलटतात. काही जण म्हणतात, देवाचं वचन आहे, प्रश्न विचारायचाच नाही. आणि काही जण असं एखादं वचन वाचून ग्रंथच मिटून ठेवतात, तो कायमचा. वरवर पाहता ही तीन माणसं एकमेकांच्या विरुद्ध टोकांना आहेत. पण अडलेलं ते वचन नीट वाचायला तिघांपैकी कुणीच थांबलेलं नसतं.

वचन अडणं ही श्रद्धेची कमतरता आहे, असं पवित्र शास्त्र स्वतः कुठेही म्हणत नाही. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी स्पष्ट कबुली आहे की, पौलाच्या पत्रांत समजायला कठीण अशा काही गोष्टी आहेत आणि अडाणी माणसं त्यांचा विपर्यास करतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात इथिओपियाचा एक बडा अधिकारी रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचत चाललेला दिसतो. वाचताय ते समजतंय का, असं फिलिप्प त्याला विचारतो. कुणी वाट दाखवल्याशिवाय समजणार कसं, असं तो सरळ सांगतो आणि फिलिप्पाला रथात शेजारी बसवून घेतो. कुणी त्याला कमी लेखलेलं नाही. उलट त्याच्या न समजण्यातूनच पुढचं सगळं संभाषण घडतं.

हा सगळा पंडितांचा खल आहे, आपल्याला त्याचं काय, असं कुणी म्हणेल. पण चुकीच्या वाचनाची किंमत नेहमी दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते.

उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहा द्राक्षारस पिऊन पडलेला असतो. शुद्धीवर आल्यावर तो शाप देतो. शाप देणारा नोहा आहे, देव नव्हे. शाप पडतो तो कनानावर, हामावर नव्हे. कातडीच्या रंगाचा तिथे उल्लेखसुद्धा नाही. तरीही एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या समर्थकांनी याच कथेचा आधार घेऊन आफ्रिकेच्या लोकांचं दास्य देवाने ठरवलेलं आहे, असं ठणकावून सांगितलं. व्यासपीठांवरून ते सांगितलं गेलं आणि रविवारच्या पोशाखात बसलेल्या लोकांनी ते ऐकून घेतलं.

वचनं गाळूनही तेच साधता येतं. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडिजमधल्या गुलामांसाठी म्हणून बायबलचे निवडक भाग छापले गेले. त्याची एक प्रत अमेरिकेतल्या फिस्क विद्यापीठाकडे आहे. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं, हा इफिसकरांस पत्रातला भाग त्यात ठेवला होता. मोशेने इस्राएल लोकांना मिसरच्या दास्यातून सोडवून नेलं, तो भाग मात्र काढून टाकला होता! कुठलं वचन कुणाला धोक्याचं वाटतं, हे त्या पुस्तकाइतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसेल.

तिसरं उदाहरण मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायातलं. येशूच्या खटल्याच्या वेळी, त्याच्या रक्ताचा दोष आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर येवो, असं जमाव ओरडतो. त्या एका आरोळीच्या आधारे युरोपात शतकानुशतकं यहुदी माणसांना ख्रिस्ताचे मारेकरी म्हणून छळलं गेलं. आपल्या कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेलेले बेने इस्राएल शेजाऱ्यांबरोबर सुखाने नांदत होते, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ते वाचून नवल वाटेल. अखेर २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केलं की, ख्रिस्ताच्या मरणाचा दोष त्या काळच्या सगळ्या यहुद्यांवर सरसकट ठेवता येत नाही, आणि आजच्या यहुद्यांवर तर नाहीच. वचन तेच राहिलं, वाचन सुधारलं. पण तोवर किती पिढ्या होरपळल्या!

मग अशी वचनं काढूनच टाकली तर? हा विचारही फार जुना आहे. दुसऱ्या शतकात मार्कियोन नावाच्या एका धनिकाने अख्खा जुना करारच नाकारला. त्याने लूकचं शुभवर्तमान, तेही काटछाट करून, आणि पौलाची दहा पत्रं एवढंच ठेवलं. इसवी सन १४४च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. आपल्याला खटकेल ते कापायचं ठरवलं, तर शेवटी ग्रंथात आपलाच चेहरा तेवढा शिल्लक राहील. शिवाय कात्री आज आपल्या हातात असली, तरी उद्या ती १८०७च्या त्या प्रकाशकासारख्या कुणाच्या हाती जाईल, हे कुणी सांगावं?

तेव्हा वचन ठेवायचं आणि वाचायचं. कसं, ते चार उदाहरणांनी सांगते.

त्याआधी एक साधी गोष्ट. बायबलमधले अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची असून ती स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मगुरूच्या नावे सांगितली जाते. नव्या कराराच्या वचनांना आजचे आकडे रोबेर एतिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली घातले. शोधायला ते फार सोयीचे आहेत. पण त्यांच्यामुळे एकेक वचन सुटं उचलून भिंतीवर टांगायची सवयही आपल्याला लागली. पत्रातली एकच ओळ वाचून कुणी घरात भांडण सुरू केलं, तर आपण म्हणतो, अहो, आधी पत्र तरी पुरतं वाचा. तोच नियम इथे लावायचा. वचन अडलं की आकडे विसरायचे आणि आधीचं-नंतरचं पान वाचायचं.

आता पहिलं उदाहरण, भाषेचं. लूकच्या चौदाव्या अध्यायात येशूचा शिष्य व्हायचं तर आईबाप, बायकामुलं, भाऊबहिणी यांचा द्वेष करावा लागेल, असा मजकूर आहे. मराठी अनुवादात तिथे ‘द्वेष’ हाच शब्द येतो. मराठी शिकवणारीला हा शब्द टोचल्याशिवाय कसा राहील? मग उत्पत्तीचा एकोणतिसावा अध्याय काढावा. याकोबाच्या दोन बायका, लेआ आणि राहेल. याकोबाचं लेआपेक्षा राहेलवर अधिक प्रेम होतं, असं तिथे एका वाक्यात म्हटलं आहे आणि लगेच पुढच्या वाक्यात लेआसाठी मूळ हिब्रूत ‘द्वेष’ या अर्थाचा शब्द येतो. म्हणजे दोघांपैकी एकीला मागे ठेवणं, कमी पसंती देणं, हे सांगायची त्या भाषेची ही जोरकस लकब होती. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशूचं तेच बोलणं, माझ्यापेक्षा आईबापांवर अधिक प्रीती करणारा, अशा शब्दांत आलेलं आहे. मागणी मोठीच आहे. सोपी झालेली नाही. पण म्हाताऱ्या आईला घराबाहेर काढण्याचा परवाना त्यात नाही. हाच येशू मार्कच्या सातव्या अध्यायात, देवाला अर्पण केलं असं सांगून आईबापांना मदत नाकारणाऱ्यांची खरडपट्टी काढतो.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलच्या मराठी अनुवादाला आयुष्याची अखेरची वर्षं का दिली असतील, ते अशा वेळी उमगतं. साध्या बायाबापड्यांना कळेल असं मराठी त्यांना हवं होतं. शब्द कळला नाही, तर श्रद्धासुद्धा भलत्या दिशेला जाते.

दुसरं उदाहरण स्तोत्र १३७चं. इसवी सनापूर्वी ५८६च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केलं, मंदिर जाळलं आणि लोकांना कैद करून नेलं. परमुलखात नदीकाठी बसलेल्या त्या कैद्यांना त्यांचेच पहारेकरी म्हणतात, तुमच्या देशातलं एखादं गाणं होऊन जाऊ द्या. जखमेवर मीठ म्हणतात ते याला. तिथून ते स्तोत्र त्या भयंकर शेवटाकडे जातं. आता इथे बोलतंय कोण? देव बोलत नाही. ही आज्ञा नाही, उपदेशही नाही. ज्यांची मुलं डोळ्यांदेखत मारली गेली, अशी माणसं देवापुढे आक्रोश करतायत आणि तुम्ही आमचं जे केलंत तेच तुमचं होवो, असं म्हणतायत.

कवितेला कविता म्हणून वाचायचं असतं, हे आपल्या लोकांना मुद्दाम शिकवायची गरज नाही. आपले संत विठ्ठलाशी कडकडून भांडले आहेत. जनाबाईंनी त्याला जे खडे बोल सुनावले, ते ऐकून वारकरी काही देवाला शिव्या देण्याचा नेम धरत नाही. ते जिव्हाळ्याचं भांडण आहे, हे त्याला कळतं. स्तोत्रकर्त्याच्या रागात तो जिव्हाळा नाही, सूड आहे. पण तो सूड तो हातात घेत नाही, देवापुढे ओततो. आणि गंमत पाहा, त्याच काळात, त्याच बाबेलमधल्या कैद्यांना यिर्मया संदेष्टा पत्र लिहितो. ते एकोणतिसाव्या अध्यायात आहे. घरं बांधा, बागा लावा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं तो सांगतो. एकाच जखमेची ही दोन बोलणी. शास्त्राने दोन्ही जपून ठेवली. राग खोटा ठरवला नाही, आणि शेवटचा शब्दही त्याला बोलू दिला नाही.

रोमन कॅथलिक चर्चने १९७१मध्ये दैनिक प्रार्थनेचा नवा ग्रंथ काढला. त्यात ५८, ८३ आणि १०९ ही तीन शापस्तोत्रं पूर्ण वगळली, आणि १३७चा शेवटही गाळला. बायबलमध्ये ती अर्थातच जशीच्या तशी आहेत. सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हणायच्या प्रार्थनेपुरता हा निर्णय मला समजतो. पण घरी, एकटीने वाचताना मी त्या ओळी वगळत नाही. युद्धात मूल गमावलेली आई आजही जगात आहे. तिचं दुःख ज्या ग्रंथात मावत नाही, तो ग्रंथ तिच्या काय कामाचा?

तिसरं उदाहरण सगळ्यांत अवघड. कनानमधली युद्धं. यहोशवाच्या दहाव्या-अकराव्या अध्यायांत, श्वास घेणारं कुणी उरलं नाही, अशा अर्थाची वर्णनं आहेत. पण पान उलटून शास्त्यांच्या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचा. कुठल्या कुठल्या गावांतून कनानी लोकांना घालवता आलं नाही, याची तिथे लांबलचक यादी आहे. अनुवादाच्या सातव्या अध्यायात तर आधी सर्वांचा संहार करायची आज्ञा आहे आणि लगेच पुढे, त्यांच्याशी सोयरीक करू नका, असंही आहे. कुणी उरणारच नसेल, तर सोयरीक करायची कुणाशी?

याचा उलगडा एका शिळेने बराच होतो. १८६८ साली आजच्या जॉर्डनमधल्या धिबान इथे काळ्या बेसॉल्टचा एक शिलालेख सापडला. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला मवाबचा राजा मेशा त्यात आपले पराक्रम सांगतो. कमोश देवाच्या नावाने नबो गावातल्या सगळ्यांना कापलं, असं तो म्हणतो. देवाला अर्पण म्हणून केलेल्या संहारासाठी हिब्रू बायबल जो शब्द वापरतं, तोच त्याच्याही लेखात आहे. इस्राएल कायमचं नष्ट झालं, अशी बढाईही तो मारतो. इस्राएल काही नष्ट झालं नव्हतं. म्हणजे विजयाचं वर्णन असं चढवून करायची त्या मुलखातली ती रीतच होती. आपल्याकडच्या बखरींतले सैन्याचे आकडे आपण शब्दशः धरतो का?

पण इथे मला थांबून एक गोष्ट सांगायला हवी. एवढं समजलं म्हणून त्या पानांवरचं रक्त धुतलं जात नाही. वर्णन चढवलेलं असलं, तरी माणसं मेलीच असतील, आणि हे देवाने सांगितलं, असं तो मजकूर म्हणतोच. काही अभ्यासक म्हणतात, त्या काळच्या माणसांना देव जसा समजला तसं त्यांनी लिहिलं. काही म्हणतात, तो त्या काळापुरता न्याय होता, कुणालाही पुन्हा करायची आज्ञा नव्हे. माझा कल पहिल्या मताकडे आहे, पण दुसऱ्या मताच्या माणसाशीही माझं भांडण नाही. भांडण आहे ते या अध्यायांत आपल्या शत्रूचं नाव भरून वाचणाऱ्याशी. आपण यहोशवा आणि समोरचा कनानी, असं ज्या दिवशी वाटू लागेल, त्या दिवशी ग्रंथ मिटून आधी त्याच पुस्तकातली राहाबची गोष्ट आठवावी. ती कनानी होती, वेश्या होती, आणि मत्तयाने येशूच्या वंशावळीत तिचं नाव लिहिलं आहे.

चौथं उदाहरण मला सगळ्यांत जवळचं. एकदा वर्ग सुटल्यावर एक आई मागे थांबली. तिच्या मुलाला जन्मापासून चालता येत नाही. कुठल्याशा प्रार्थनासभेत तिला सांगितलं गेलं होतं की, हे घराण्यातल्या कुणाच्या तरी पापाचं फळ आहे. निर्गमाचा विसावा अध्यायही काढून दाखवला होता, तिसऱ्या-चौथ्या पिढीचा. सासू म्हणत होती, तुमच्याकडचं. ही मनात म्हणत होती, त्यांच्याकडचं. तिने मला विचारलं, “बाई, नेमकं कुणाचं पाप?”

तिच्याबरोबर मी तो विसावा अध्याय पुरता वाचला. त्याच वाक्यात पुढे देवाची दया हजारोंवर होते, असं आहे. शासन तीन-चार पिढ्यांना आणि दया हजारोंना. ती तुलनाच त्या वाक्याचा जीव आहे. तीन-चार पिढ्या म्हणजे त्या काळी एका छपराखाली नांदणारं अख्खं कुटुंब. कर्त्या माणसाने वाट सोडली, तर घरातल्या सगळ्यांना भोगावं लागतं, हे आपण दारूपायी बुडालेल्या घरांत रोज पाहतो. मग आम्ही यहेज्केलचा अठरावा अध्याय काढला. आंबट द्राक्षं खाल्ली बापाने आणि दात आंबले पोरांचे, अशी म्हणच इस्राएलात पडली होती. ही म्हण यापुढे तोंडातून काढायची नाही, असं देव संदेष्ट्याच्या मुखाने बजावतो. मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही, ज्याचं त्याने पाहायचं. म्हणजे एका वचनाचा लोकांनी चुकीचा अर्थ लावला, आणि शास्त्रानेच शास्त्रात उठून तो दुरुस्त केला.

शेवटी योहानाचा नववा अध्याय. जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? अगदी त्या आईचाच प्रश्न. आपल्या मातीत तो पूर्वजन्मीच्या पापाच्या रूपाने येतो, एवढाच फरक. येशू म्हणतो, याचंही नाही आणि याच्या आईबापांचंही नाही. आणि मग तो त्या माणसाच्या डोळ्यांकडे वळतो. शिष्यांना कारण हवं होतं. येशूने तो माणूस पाहिला. ती आई बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसली होती. मूल त्या दिवशी चालू लागलं नाही. पण दोन घराण्यांमधला तो खटला तिच्यापुरता निकाली निघाला.

ख्रिस्ती वाचकाची शेवटची कसोटी इथे लागते. स्वतः येशू शास्त्र कसं वाचत होता? लूकच्या चौथ्या अध्यायात नासरेथच्या सभास्थानात तो यशयाचा ग्रंथ उघडतो. दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, हे वाचत तो प्रभूच्या प्रसादाच्या वर्षापर्यंत येतो आणि ग्रंथपट गुंडाळून परत देतो. यशयाच्या एकसष्टाव्या अध्यायात पुढचे शब्द देवाच्या सूडाच्या दिवसाविषयी आहेत. तिथवर तो वाचत नाही. पुढे नवव्या अध्यायात शोमरोनी लोकांचं एक गाव त्याला ठेवून घेत नाही, तेव्हा शिष्य म्हणतात, आकाशातून अग्नी पाडू का? त्यांच्या मनात एलीयाची कथा असणार. येशू त्यांनाच धमकावतो आणि दुसऱ्या गावाची वाट धरतो. उलट मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मोहात पाडायला स्तोत्रातलं वचन बिनचूक म्हणून दाखवतो. वचन पाठ असणं आणि वचन कळणं यांत किती अंतर असतं, ते तिथे दिसतं.

उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने चौथ्या शतकाच्या अखेरीस शास्त्र कसं वाचावं, यावर एक ग्रंथ लिहायला घेतला. त्यात त्याने सांगितलेली खूण सोपी आहे. ज्या अर्थाने देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढत नाही, तो लावणाऱ्याला शास्त्र अजून समजलेलंच नाही. मी वर्गात हीच खूण देते. अर्थ लावून झाल्यावर एकदा विचारायचं, माझ्या या अर्थाने कुणाच्या पाठीवर वळ उठणार आहेत?

एवढं करूनही काही वचनं अडतात. मी त्यांच्या समासात पेन्सिलीने एक टिंब करून ठेवते आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा जाऊन बघते. काही टिंबं खोडली गेली आहेत. काही तशीच आहेत. शास्त्यांच्या एकोणिसाव्या अध्यायावरचं टिंब मी बहुधा कधीच खोडणार नाही. एका लेवी माणसाची उपपत्नी, जिचं नावसुद्धा लिहिलेलं नाही, ती नवऱ्याकडूनच गावगुंडांच्या हवाली केली जाते आणि सकाळी उंबऱ्याशी पडलेली सापडते. तिच्या देहाचे बारा तुकडे करून देशभर पाठवले जातात. त्या काळी देशाला राजा नव्हता आणि जो तो मनाला येईल तसा वागे, एवढंच त्या पुस्तकाचा निवेदक पुन्हा पुन्हा सांगतो. द्रौपदीची विटंबना वाचून आपण तो उपदेश मानत नाही, तसंच हेही. सांगणं म्हणजे भलामण करणं नव्हे.

पण त्या अध्यायाच्या शेवटी एक गोष्ट आहे. ते तुकडे पाहिलेले लोक म्हणतात, असं आजवर कधी घडलं नव्हतं. आता यावर विचार करा, मसलत करा आणि बोला. पुढे त्या लोकांनी मसलत केली, पण ती युद्धाची. त्यात बन्यामीनाचा वंश जवळजवळ संपला आणि आणखी कितीतरी बायका पळवल्या गेल्या. म्हणजे ते काम तेव्हा नीट झालंच नाही. ते अजून वाचणाऱ्यांसाठी शिल्लक आहे. विचार करायचा, एकट्याने ठरवून न टाकता चार जणांत बसून मसलत करायची, आणि मग त्या नाव नसलेल्या बाईच्या बाजूने बोलायचं. माझ्या वर्गात पुढच्या रविवारी तोच अध्याय आहे.